ओपनजीएलसाठी संगणक सज्ज करताना: विंडोजवर पहिल्या रंगीत खिडकीपर्यंत

ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा त्रिकोण काढण्यात क्वचितच जातो. हेडर (फंक्शनांची नावे सांगणारी फाइल) सापडत नाही, लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडली जात नाही, डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी लायब्ररीची फाइल) नाही म्हणून प्रोग्रॅम उघडत नाही, अशा तक्रारी एकामागून एक येतात आणि त्या सगळ्या एकाच गोंधळाचा भाग वाटू लागल्याने माणूस मिळेल ते डाउनलोड करून दिसेल त्या फोल्डरमध्ये टाकत सुटतो. वास्तविक या तक्रारी तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येतात: काही कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या असतात, काही ते तुकडे व लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरच्या, आणि काही प्रोग्रॅम चालू होतानाच्या. तक्रार कोणाची हे ओळखता आले की तिचा उपाय सापडायला फार वेळ लागत नाही. म्हणून पुढे प्रत्येक वस्तू बसवताना ती यांपैकी कोणाला लागते हेही सांगितले आहे.

आपली सामग्री मोजकीच आहे. कंपायलरसाठी एमसिस२, खिडकी उघडण्यासाठी जीएलएफडब्ल्यू, ओपनजीएलची फंक्शने मिळवण्यासाठी ग्लॅड, आणि भाषा सी++. आज्ञा व फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत व रोमन अंकांतच टाइप करावी लागतात, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

ओपनजीएल नेमके असते कोठे

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी आणि 'ग्राफिक्स डॉट एच' या जोडीवर रेषा, वर्तुळे व बहुभुज काढण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले. त्या व्यवस्थेत 'इनिटग्राफ' या फंक्शनला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यावा लागे, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपायलरसोबतच एका फाइलीच्या रूपाने येत असे. व्हीजीए पडद्यावर त्यातून ६४० गुणिले ४८० बिंदू आणि १६ रंग मिळत. हे १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, त्यामुळे आज ते जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवावे लागतात. ब्रेसनहॅमची रेषा, म्हणजे सरळ रेषेसाठी पडद्यावरचे बिंदू निवडण्याची रीत, समजून घ्यायला ती जोडी अजूनही पुरेशी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तिच्यामुळे लागलेली एक सवय पुढे नडते: ग्राफिक्सचा ड्रायव्हर ही कोठून तरी आणून फोल्डरमध्ये टाकायची फाइल आहे अशी समजूत होते, आणि विद्यार्थी 'ओपनजीएल डाउनलोड' असा शोध घेऊ लागतो.

डाउनलोड करायचे ओपनजीएल असे काही नसतेच. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि २००६ पासून क्रोनोस ग्रुप सांभाळत असलेला हा एक लेखी करार आहे. कोणते फंक्शन कोणत्या नावाने असावे आणि त्याने काय करावे, एवढे त्यात ठरवून दिलेले असते. प्रत्यक्ष काम करणारा कोड ग्राफिक्स कार्डाच्या निर्मात्याने लिहिलेला असून तो ड्रायव्हरसोबत येतो. विंडोजमध्ये 'ओपनजीएल३२' नावाची एक डीएलएल आधीपासून असते खरी, पण तिच्यातून फक्त १.१ या आवृत्तीपर्यंतची फंक्शने थेट मिळतात. त्यानंतरच्या प्रत्येक फंक्शनचा पत्ता प्रोग्रॅम चालू असताना ड्रायव्हरकडे मागावा लागतो. शेकडो फंक्शनांचे पत्ते हाताने मागणे कंटाळवाणे असल्याने ते काम ग्लॅडवर सोपवले जाते. खिडकी उघडणे, कळफलक व माउस वाचणे या गोष्टी ओपनजीएलच्या करारात मुळीच नाहीत, म्हणून जीएलएफडब्ल्यू.

आवृत्ती ३.३ निवडावी. ती २०१० मधली आहे, शेडरवर (ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांवर) आधारलेली आधुनिक पद्धत तिच्यात पूर्णपणे आली आहे, आणि आज वापरात असलेली बहुतेक यंत्रे तिला चालवू शकतात. शेवटची आवृत्ती ४.६ ही २०१७ ची आहे, परंतु नवशिक्याला तिच्यातील जादा सोयींची गरज पडत नाही. थेट व्हल्कन या ओपनजीएलनंतरच्या नव्या ग्राफिक्स मानकाने सुरुवात करावी असा सल्ला काही जण देतात. पहिल्या त्रिकोणासाठी हजाराच्या आसपास ओळी लिहिण्याची तयारी असेल तर तो जरूर मानावा.

आधी ड्रायव्हर तपासावा

डिव्हाइस मॅनेजर उघडून त्यातील 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' हा भाग पाहावा. तेथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या चिपचे नाव दिसले तर ठीक. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे दिसत असेल, तर विंडोज नव्याने टाकल्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि पुढचे सर्व बरोबर केले तरी ओपनजीएलची १.१ हीच आवृत्ती हाती लागेल. अशा वेळी लॅपटॉपच्या किंवा चिपच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणारी तिऱ्हाइतांची साधने टाळावीत.

जुन्या संगणकांबाबत एक अडचण ड्रायव्हरने सुटत नाही. इंटेलच्या दुसऱ्या पिढीतील कोअर प्रोसेसरांमध्ये जे अंगभूत एचडी ग्राफिक्स होते, त्याचा विंडोजवरील ड्रायव्हर ३.१ च्या पुढे गेलाच नाही. हीच चिप लिनक्सवर मेसा ड्रायव्हरच्या साहाय्याने ३.३ देते. तेव्हा यंत्र त्या काळातले असेल तर डोकेफोड करण्याऐवजी सरळ लिनक्स टाकावे. तिसऱ्या पिढीपासून विंडोजवरही ही अडचण राहत नाही.

कंपायलर

एमसिस२ च्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घ्यावा आणि तो सुचवतो तेच, म्हणजे सी ड्राइव्हवरील 'एमसिस६४' हे, फोल्डर कायम ठेवावे. बसवणी झाल्यावर स्टार्ट मेनूत एमसिस२ च्या नावाची अनेक निरनिराळी टर्मिनले (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्या) दिसू लागतात आणि पहिली ठेच येथेच लागते. त्यांतील प्रत्येकाचे कंपायलर व लायब्ररी ठेवण्याचे फोल्डर वेगळे असते. एकात बसवलेली वस्तू दुसऱ्याला दिसत नाही. आपण सर्व काम 'यूसीआरटी६४' या टर्मिनलमध्येच करणार आहोत. खिडकीत हे नाव दिसते आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे. कंपायलर काल होता आणि आज 'कमांड नॉट फाउंड' असा संदेश येतो आहे, याचे कारण बहुधा चुकीचे टर्मिनल उघडणे हेच असते.

प्रथम 'पॅकमॅन' ही पॅकेजे बसवणारी आज्ञा 'वजा एसवाययू' या पर्यायासह द्यावी. त्यात एस मोठ्या लिपीतला आणि वाय व यू लहान लिपीतले असतात. यामुळे सर्व पॅकेजे अद्ययावत होतात. मध्येच टर्मिनल बंद करण्यास सांगितले जाते. ते बंद करून पुन्हा उघडावे आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी. त्यानंतर 'पॅकमॅन वजा एस' असे लिहून पुढे पॅकेजांची नावे द्यावीत. सर्व नावांचा आरंभ 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४' असा असून शेवटी 'जीसीसी', 'जीडीबी', 'सीमेक', 'जीएलएफडब्ल्यू' आणि 'जीएलएम' हे शब्द हायफनने जोडलेले असतात. यांपैकी जीडीबी हे दोष शोधण्यासाठी, सीमेक पुढे प्रकल्प वाढल्यावर, आणि जीएलएम हे सदिश व मॅट्रिक्सच्या गणितासाठी लागेल. नाव लांबलचक आहे म्हणून आरंभीचा भाग गाळू नये, कारण आखूड नावाचे पॅकेज मिळाले तरी ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसते.

'जी++ वजा वजा व्हर्जन' लिहिल्यावर आवृत्तीचा आकडा दिसला की कंपायलर तयार झाला. एडिटर म्हणून व्हीएस कोड वापरावा किंवा मनाला येईल तो. व्हीएस कोड स्वतः कंपायलर नाही, आणि त्याच्याशी नावसाधर्म्य असलेला व्हिज्युअल स्टुडिओ ही अगदी वेगळी वस्तू आहे, एवढे माहीत असले म्हणजे पुरे. व्हिज्युअल स्टुडिओही उत्तम आहे, पण तो कित्येक जीबी जागा घेतो आणि लायब्ररी जोडण्याचे काम संवादपेट्यांच्या आड नेऊन ठेवतो. प्रथम शिकताना ते काम डोळ्यांसमोर घडलेले बरे.

प्रकल्पाचे फोल्डर सी ड्राइव्हवर थेट करावे, उदाहरणार्थ 'ग्राफिक्स' या नावाने. एमसिस२ च्या टर्मिनलमधून तेथे जाण्यासाठी 'सीडी' लिहून पुढे तिरकी रेघ, सी, तिरकी रेघ आणि फोल्डरचे नाव द्यायचे. फोल्डरच्या नावात रिकामी जागा नसावी आणि ते देवनागरीतही नसावे. हे लिहिताना वाईट वाटते, पण विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव मराठीत ठेवलेले असेल तर डेस्कटॉपचा पत्ताही मराठी अक्षरांचा होतो, आणि काही जुनी साधने अशा पत्त्यावर अडखळून 'फाइल सापडत नाही' एवढेच सांगतात. फाइल तर समोर दिसत असते. डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर तेथेही प्रकल्प ठेवू नये.

ग्लॅड

ग्लॅड हे पॅकेज म्हणून घेण्यापेक्षा त्याच्या संकेतस्थळावर आपल्या गरजेनुसार तयार करून घेणे चांगले. भाषा सी किंवा सी++, 'जीएल' ची आवृत्ती ३.३ आणि प्रोफाइल 'कोअर' असे निवडून फाइली तयार करायला सांगितल्या की एक झिप मिळते. तिच्यातील 'इन्क्लूड' व 'एसआरसी' ही दोन्ही फोल्डरे जशीच्या तशी आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत. प्रोफाइल 'कोअर' घेण्यामागे कारण आहे: 'जीएलबिगिन' आणि 'जीएलएंड' ही जुन्या पद्धतीची फंक्शने त्यात मिळतच नाहीत, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या उदाहरणांतून उचललेला कोड नकळत आपल्या प्रोग्रॅममध्ये शिरत नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी, कारण तिने अनेकांची संध्याकाळ वाया घालवली आहे. ग्लॅडच्या दोन पिढ्या प्रचारात आहेत. पहिल्या पिढीत हेडरचे नाव 'ग्लॅड डॉट एच', सोबतची फाइल 'ग्लॅड डॉट सी' आणि पत्ते मिळवणारे फंक्शन 'ग्लॅडलोडजीएललोडर' असे असते. दुसऱ्या पिढीत हीच नावे अनुक्रमे 'जीएल डॉट एच', 'जीएल डॉट सी' आणि 'ग्लॅडलोडजीएल' अशी झाली आहेत. शिकवणीतील कोड पहिल्या पिढीचा आणि उतरवून घेतलेल्या फाइली दुसऱ्या पिढीच्या असल्या की काहीच जुळत नाही, आणि दोष आपल्या बसवणीत आहे असे वाटत राहते. आपण दुसरी पिढी घेतली आहे असे येथे धरले आहे.

पहिला प्रोग्रॅम

'मेन डॉट सीपीपी' या फाइलीत आरंभी ग्लॅडचे हेडर आणि त्याच्या खाली जीएलएफडब्ल्यूचे हेडर घ्यावे. हा क्रम उलटला तर जीएलएफडब्ल्यू स्वतःच विंडोजचे जुने ओपनजीएल हेडर ओढून घेते आणि मागून आलेले ग्लॅड 'ओपनजीएल हेडर आधीच घेतले आहे' असे सांगून कंपाइल होण्यास नकार देते.

मुख्य फंक्शनात 'जीएलएफडब्ल्यूइनिट' बोलवावे. त्यानंतर 'जीएलएफडब्ल्यूविंडोहिंट' या फंक्शनाने मुख्य आवृत्ती ३, उपआवृत्ती ३ आणि प्रोफाइल कोअर असे तीन निरोप द्यावेत. मग ८०० गुणिले ६०० आकाराची खिडकी तयार करून मिळालेला पॉइंटर रिकामा तर नाही हे तपासावे. तो रिकामा असेल तर ड्रायव्हरला ३.३ देता आलेले नाही, असा सरळ अर्थ बहुतेक वेळा निघतो. खिडकी मिळाल्यावर तिचा कॉन्टेक्स्ट (त्या खिडकीसाठी ओपनजीएलने राखलेली सर्व स्थिती) चालू करणारे 'जीएलएफडब्ल्यूमेककॉन्टेक्स्टकरंट' बोलवावे आणि त्यानंतरच 'ग्लॅडलोडजीएल' ला 'जीएलएफडब्ल्यूगेटप्रॉकअ‍ॅड्रेस' हे फंक्शन सोपवावे. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल चालत नाही. कॉन्टेक्स्ट चालू नसताना ड्रायव्हरकडे पत्ते मागितले तर ते मिळत नाहीत, ग्लॅडची फंक्शने रिकामी राहतात आणि पहिलेच बोलावले की प्रोग्रॅम कोसळतो. कंपायलर किंवा लिंकर याबद्दल अवाक्षरही काढत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने सारे व्यवस्थित असते. 'ग्लॅडलोडजीएल' शून्य परत करत असेल तर तेथेच थांबून संदेश छापण्याची सवय म्हणून लावून घ्यावी.

आता 'जीएलगेटस्ट्रिंग' वापरून आवृत्ती आणि रेंडरर (प्रत्यक्ष चित्र काढणारी चिप किंवा ड्रायव्हर) ही दोन्ही नावे छापावीत. लॅपटॉपमध्ये इंटेलची अंगभूत चिप आणि एनव्हिडियाचे स्वतंत्र कार्ड अशी दोन्ही असतील, तर प्रोग्रॅम कोणावर चालला आहे हे या ओळीशिवाय कळत नाही, आणि पुष्कळदा तो अंगभूत चिपवरच चालत असतो. शिकताना त्याने काही बिघडत नाही. स्वतंत्र कार्डच हवे असल्यास विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन आपल्या प्रोग्रॅमसाठी 'हाय परफॉर्मन्स' हा पर्याय निवडावा. रेंडररच्या जागी 'जीडीआय जेनेरिक' असे आले तर पुन्हा ड्रायव्हरच्या तपासणीकडे वळावे.

त्यापुढे खिडकी बंद होईपर्यंत चालणारे आवर्तन (लूप) लिहावे: 'जीएलक्लिअरकलर' ने रंग ठरवणे, 'जीएलक्लिअर' ने तो भरणे, 'जीएलएफडब्ल्यूस्वॅपबफर्स' ने तयार चित्र पुढे आणणे आणि 'जीएलएफडब्ल्यूपोलइव्हेंट्स' ने विंडोजचे निरोप वाचणे. शेवटची आज्ञा विसरली तर थोड्याच वेळात खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते. रंग काळा ठेवू नये. मुळात ठरलेला रंग काळाच असल्यामुळे काळी खिडकी दिसली तर आपली आज्ञा पोहोचली की नाही हे समजत नाही. लाल ०.९, हिरवा ०.५ आणि निळा ०.१ असे आकडे दिले तर झेंडूसारखा केशरी रंग येतो आणि शंका उरत नाही.

जोडणी आणि तिच्या तक्रारी

कंपाइल करण्याची आज्ञा एकाच ओळीची आहे. 'जी++' लिहून पुढे 'मेन डॉट सीपीपी', मग 'एसआरसी' फोल्डरमधील 'जीएल डॉट सी', मग वजा आणि मोठ्या लिपीतला आय यांना चिकटून 'इन्क्लूड', मग वजा आणि लहान लिपीतला एल यांना चिकटून क्रमाने 'जीएलएफडब्ल्यू३', 'ओपनजीएल३२' आणि 'जीडीआय३२', आणि शेवटी वजा ओ व तयार होणाऱ्या फाइलीचे नाव. मोठा आय आणि लहान एल पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून ते नीट पाहून टाइप करावेत. आयच्या पुढे हेडर शोधण्याचे फोल्डर येते आणि त्याचा संबंध फक्त कंपायलरशी आहे. एलच्या पुढे लायब्ररीचे नाव येते आणि त्याचा संबंध फक्त लिंकरशी आहे. मला विचाराल तर या सर्व खटाटोपात समजून घेण्यासारखी खरी गोष्ट हीच.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे म्हणत हेडरचे नाव आले तर तक्रार कंपायलरची आहे. तेव्हा लायब्ररी पुन्हा बसवून काही उपयोग नाही, आयनंतरचा पत्ता पाहावा. व्हीएस कोडमध्ये मात्र हेडरखाली लाल नागमोडी रेघ दिसूनही प्रोग्रॅम सुरळीत कंपाइल होत असेल, तर ती एडिटरची स्वतःची समजूत आहे, आणि त्याच्या सेटिंगमध्ये इन्क्लूडचे फोल्डर दिले की ती जाते.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही लिंकरची तक्रार आहे. हेडर मिळाले, कंपाइलही झाले, पण ज्या फंक्शनचे नाव हेडरमध्ये आहे त्याचा प्रत्यक्ष कोड कोठे मिळाला नाही. नाव जीएलएफडब्ल्यूने सुरू होत असेल तर लायब्ररी जोडायची राहिली आहे किंवा ती ओळीत चुकीच्या ठिकाणी आहे. हा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि लायब्ररीतून त्या क्षणापर्यंत मागितलेल्याच गोष्टी उचलतो. त्यामुळे लायब्ररींची नावे आपल्या फाइलींच्या नंतरच यावी लागतात. नाव ग्लॅडने सुरू होत असेल तर 'जीएल डॉट सी' ही फाइल आज्ञेत द्यायची राहिली आहे. 'स्किपिंग इन्कम्पॅटिबल' हे शब्द दिसले तर ३२-बिट आणि ६४-बिट यांची सरमिसळ झाली आहे. एमसिस२ ऐवजी दुसरीकडून उतरवलेल्या लायब्ररी वापरल्यावर असे होऊ शकते.

तिसऱ्या प्रकारची तक्रार विंडोजची असते. टर्मिनलमधून छान चालणारा प्रोग्रॅम फाइल एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक केल्यावर 'जीएलएफडब्ल्यू३ डीएलएल सापडली नाही' म्हणतो. टर्मिनलला यूसीआरटी६४ चे 'बिन' फोल्डर ठाऊक असते, एक्सप्लोररला नसते. ते फोल्डर विंडोजच्या 'पाथ' मध्ये (प्रोग्रॅम व डीएलएल शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) घालावे किंवा लागणाऱ्या डीएलएल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवाव्यात. नाव टाइप करून मिळेल त्या संकेतस्थळावरून एकटी डीएलएल उतरवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

उबुंटू आणि मॅक

उबुंटूवर हे सर्व फार थोडक्यात आटोपते. 'सुडो एपीटी इन्स्टॉल' नंतर 'बिल्ड-इसेन्शियल', 'सीमेक', 'लिबजीएलएफडब्ल्यू३-डेव्ह', 'लिबजीएलएम-डेव्ह' आणि 'मेसा-युटिल्स' ही नावे द्यावीत. जोडताना लायब्ररीचे नाव येथे नुसते 'जीएलएफडब्ल्यू' असते, त्यात ३ नसतो. 'जीएलएक्सइन्फो वजा मोठा बी' ही आज्ञा आवृत्ती व रेंडरर सांगते. रेंडररच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसले तर ग्राफिक्सचे सगळे काम प्रोसेसरच करतो आहे असे समजावे.

मॅकवर अ‍ॅपलने ओपनजीएल ४.१ वर थांबवले आणि २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरवले, तरी ३.३ चे प्रोग्रॅम चालतात. त्यासाठी 'फॉरवर्ड कम्पॅट' हा आणखी एक निरोप खिडकी उघडण्यापूर्वी द्यावा लागतो. रेटिना पडद्यावर चित्र खिडकीच्या फक्त एका कोपऱ्यात उमटले तर चित्र कोठे काढायचे हे ठरवणाऱ्या 'जीएलव्ह्यूपोर्ट' ला खिडकीचा आकार दिला गेला आहे. तेथे फ्रेमबफरचा (पडद्याच्या प्रत्यक्ष बिंदूंत मोजलेल्या चित्राचा) आकार द्यावा, जो दोन्ही दिशांना दुप्पट असतो.

दुसऱ्या संगणकावर नेताना

प्रयोग दाखवायला प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर न्यायचा असेल तर यूसीआरटी६४ टर्मिनलमध्ये 'एलडीडी' लिहून पुढे प्रोग्रॅमचे नाव द्यावे. लागणाऱ्या सर्व डीएलएलची यादी पत्त्यांसह येते. त्यातील ज्यांच्या पत्त्यात 'यूसीआरटी६४' आहे तेवढ्याच प्रोग्रॅमसोबत एका फोल्डरमध्ये घ्याव्यात. साधारणपणे जीएलएफडब्ल्यूची एक आणि कंपायलरच्या सोबतच्या दोन-तीन, एवढ्याच त्या असतात. विंडोजच्या फोल्डरमधील डीएलएल, विशेषतः 'ओपनजीएल३२', बरोबर घेऊ नये; ती प्रत्येक यंत्रावर त्याची स्वतःचीच असायला हवी. पेन ड्राइव्हवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर मात्र नेता येत नाही, म्हणून आवृत्ती आणि रेंडरर छापणारी ती ओळ प्रोग्रॅममध्ये राहू द्यावी आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या यंत्रावर एकदा चालवून पाहावी.